शरीरसंज्ञांचे अर्थांतर

अवयव आणि रोग यांची मराठी नावे घरात, ग्रंथात आणि दवाखान्यात एकाच अर्थाने चालतातच असे नाही. काळीज हे त्याचे नेहमीचे उदाहरण. मटणवाल्याला ‘थोडं काळीज पण टाका’ म्हटले की पारड्यात यकृत पडते. पण काळजाचा ठोका चुकतो तेव्हा ते हृदय असते. जुना अर्थ मटणवाल्याचाच. संस्कृतात कालेय म्हणजे यकृत. अमरकोशाने तर यकृताला ‘कालखंड’ हाही पर्याय दिला आहे; आज हा शब्द वाचून कोणाला इतिहासाच्या पुस्तकाखेरीज काही आठवणार नाही. यकृत हा शब्द ग्रीक हेपारचा सगोत्र, आणि हिपॅटायटिस हे नाव त्या हेपारवरून पडलेले.

खरी गफलत होते ती स्नायू आणि पेशी या जोडीत. सुश्रुतसंहितेत ९०० स्नायू आणि ५०० पेशी मोजल्या आहेत. आजचे मराठी पाठ्यपुस्तक शिकलेला वाचक त्यातून भलतेच शरीर उभे करील, कारण सुश्रुताची पेशी म्हणजे मांसपेशी, आपण जिला स्नायू म्हणतो ती. त्याचा स्नायू म्हणजे सांधे जखडून ठेवणारा बंध. फळ्या बंधांनी आवळल्या की नाव माणसांचा भार पेलते, तसे स्नायूंनी बांधलेले शरीर भार पेलते, असा दाखला त्याने दिला आहे. मराठीने स्नायू हे नाव मांसाला दिले आणि पेशी हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या घटकाला. हिंदीत स्नायुतंत्र म्हणजे आपली मज्जासंस्था. ही मज्जाही मूळची हाडातली. अस्थिमज्जा या शब्दात ती अजून तिथेच आहे.

जांघेचा प्रवास पायाच्या वाटेने झाला. संस्कृत जंघा गुडघ्याखाली, हिंदी जाँघ गुडघ्यावर, मराठी जांघ मांडी आणि ओटीपोट जुळतात तिथे. पायाला काटा लागून जखम चिघळली की जांघेत गाठ येते, तिला अवधाण म्हणतात. वैद्यकाच्या भाषेत ती सुजलेली लसिकाग्रंथी. अवधाण हा शब्द तेवढाच नेमका आणि बोलायला सोपा, तरी केसपेपरवर तो क्वचितच उतरतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा जांघेतल्या आणि काखेतल्या गाठींवरून त्या तापाला मराठीत ग्रंथिक सन्निपात असे नाव मिळाले.