आकडे कुणी पाहायचे? रुग्णालयांच्या संसर्ग-नोंदींच्या समूहांची पार्श्वभूमी

ऑक्टोबर १९७० ते मार्च १९७१ या काळात अमेरिकेतल्या सात राज्यांमधल्या आठ रुग्णालयांत रक्तसंसर्गाच्या दीडशे घटना घडल्या. जंतू एरवी रक्तात फारसे न सापडणारे होते. एकेका रुग्णालयापुरते पाहिले, तर अमुक वॉर्डात चार, तमुक वॉर्डात सहा असेच दिसले असते आणि दोष कुणाच्या तरी हात धुण्यावर गेला असता. आठही ठिकाणच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर मात्र वेगळेच दिसले. या सगळ्या रुग्णांना एकाच कंपनीचे सलाईन दिले गेले होते. त्या कंपनीने बाटलीच्या टोपणाचे आतले अस्तर नुकतेच बदलले होते आणि जंतू तिथे टिकून राहत होते.

रुग्णालयांनी आपल्या सुरक्षेच्या नोंदी एकमेकांत का मिसळायच्या, याचे यापेक्षा स्पष्ट उत्तर मला माहीत नाही. काही दोष एका इमारतीच्या आत राहून दिसतच नाहीत. तरीही हे मिसळणे सहज झाले नाही. आकडे गोळा करण्याचे तंत्र बऱ्यापैकी लवकर सापडले. ते कुणी पाहायचे, कशासाठी पाहायचे आणि पाहिल्यावर काय करायचे, हे ठरवण्यात मात्र दीडशे वर्षे गेली.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे रुग्णालयांसाठी एकसारखे तक्ते मांडले. कोणत्या आजाराचे किती रुग्ण आले, किती बरे झाले, किती दगावले, हे सगळ्यांनी एकाच पद्धतीने लिहावे अशी त्यांची मागणी होती. लंडनच्या काही रुग्णालयांनी तसे आकडे प्रसिद्धही केले, पण काम किचकट होते, आजारांच्या वर्गवारीवर एकमत होईना, आणि योजना विरून गेली. त्यातच १८६३ मध्ये नाइटिंगेल यांच्या पुस्तकात सांख्यिकीतज्ज्ञ विल्यम फार यांचा एक तक्ता छापला गेला. त्यानुसार लंडनच्या चोवीस रुग्णालयांतला मृत्युदर नव्वद टक्क्यांहून अधिक निघत होता. वर्षभरातल्या मृत्यूंना एका ठरावीक दिवशी दाखल असलेल्या रुग्णांच्या संख्येने भागले होते. डॉक्टर मंडळी खवळली, आणि गणिताच्या बाबतीत त्यांचे म्हणणे बरोबर होते. हेतू कितीही शुद्ध असला तरी छेद, म्हणजे ज्याने भागायचे ती संख्या, चुकला की आकड्यावरचा विश्वास जातो, आणि एकदा तो गेला की पुढच्या वेळी तक्ता भरायला कुणी तयार होत नाही. अर्नेस्ट कॉडमन या बोस्टनच्या शल्यचिकित्सकाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आपल्या छोट्या रुग्णालयातल्या ३३७ रुग्णांचा हिशेब चुकांसकट छापला. त्यात १२३ चुका त्यांनी स्वतः नोंदवल्या होत्या. इतरांनीही असेच करावे, असा त्यांचा आग्रह होता. मोठ्या रुग्णालयांनी त्यांचे फारसे ऐकले नाही.

खरी सुरुवात भीतीतून झाली. १९५० च्या दशकात पेनिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस हा जंतू जगभरातल्या प्रसूतिगृहांत आणि नवजात बालकांच्या कक्षांत पसरला. अमेरिकेच्या अटलांटा येथील रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, १९६० च्या दशकात आठ सामान्य रुग्णालयांना हाताशी धरून संसर्ग कसे मोजायचे याचा प्रयोग केला. त्या अनुभवावर १९७० मध्ये निवडक रुग्णालयांचे एक राष्ट्रीय जाळे उभे राहिले. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एनएनआयएस म्हणत. भाग घेणे ऐच्छिक होते. रुग्णालयातली प्रशिक्षित नर्स दर महिन्याला संसर्गांची नोंद करी आणि अटलांटाला पाठवी. बदल्यात एकत्रित राष्ट्रीय आकडे परत मिळत. त्यांच्याशी आपला दर ताडून पाहता येई, पण शेजारच्या रुग्णालयाचा दर कुणालाही दिसत नसे.

ही गोपनीयता केवळ शब्दावर सोडलेली नव्हती. सार्वजनिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ३०८(ड) नुसार, ज्या कामासाठी माहिती घेतली त्याखेरीज ती संस्थेच्या संमतीशिवाय वापरता येत नाही. त्या जाळ्याचा खरा पाया हे कलम होते, असे मला वाटते. पत्रकार, वकील किंवा प्रतिस्पर्धी रुग्णालय यांच्या हाती आपला वाईट महिना पडणार नाही, ही खात्री असल्यामुळेच वाईट महिनाही कागदावर उतरत होता.

मोजण्याने खरेच काही होते का, याचे उत्तर सीडीसीच्या ‘सेनिक’ या अभ्यासाने दिले. ३३८ रुग्णालयांत १९७० आणि १९७५-७६ अशी तुलना करून १९८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जिथे नियमित पाहणी आणि प्रतिबंधाची कामे होत होती, दर अडीचशे खाटांमागे संसर्ग नियंत्रणासाठी एक नर्स होती, या विषयात तयार असलेला डॉक्टर होता आणि शस्त्रक्रियेनंतरच्या संसर्गाचे दर त्या त्या सर्जनला कळवले जात होते, तिथे सुमारे ३२ टक्के संसर्ग टळू शकत होते. सर्जनला त्याचा स्वतःचा दर सांगणे एवढ्या साध्या गोष्टीलाही या हिशेबात वजन होते.

मग छेदाचा जुना प्रश्न पुन्हा आला. शंभर रुग्णांमागे किती संसर्ग, एवढे विचारले तर गुंतागुंतीचे रुग्ण घेणारे मोठे रुग्णालय नेहमीच वाईट दिसते. म्हणून १९८६ पासून या जाळ्याने मोजणीची चौकट बदलली. रुग्णाच्या मोठ्या शिरेत घातलेली नळी, म्हणजे सेंट्रल लाईन, किती दिवस होती, तो व्हेंटिलेटरवर किती दिवस होता, लघवीची नळी किती दिवस होती, हे दिवस मोजायचे आणि दर हजार दिवसांमागे संसर्ग काढायचे. त्यासाठी अतिदक्षता विभागातल्या कुणीतरी रोज ठरलेल्या वेळी, खाट ओलांडून खाट, किती जणांना लाईन आहे ते मोजावे लागते. हे काम कंटाळवाणे असते आणि त्याचे कौतुकही होत नाही. पण त्यामुळेच भाजलेल्या रुग्णांच्या विभागाची तुलना भाजलेल्या रुग्णांच्या विभागाशीच होऊ लागली. नाइटिंगेल यांच्या तक्त्यावर चिडलेल्या डॉक्टरांना जे हवे होते ते सव्वाशे वर्षांनी मिळाले.

या जाळ्यात शेवटी सुमारे तीनशे रुग्णालये होती. एवढ्या मोठ्या देशाच्या मानाने ती मूठभरच. दार मोठे व्हायला बाहेरून धक्का लागला. नोव्हेंबर १९९९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने अहवाल दिला की, वैद्यकीय चुकांमुळे देशाच्या रुग्णालयांत दरवर्षी ४४ हजार ते ९८ हजार माणसे मरत असावीत. या अंदाजावर आजही वाद आहेत, पण त्यानंतर हा विषय डॉक्टरांच्या खोलीत राहिला नाही.

त्या अहवालाने विमान वाहतुकीकडे बोट दाखवले होते. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूएचे विमान वॉशिंग्टनजवळ एका डोंगरावर आदळून ९२ माणसे गेली. काही आठवडे आधी दुसऱ्या कंपनीचे विमान त्याच ठिकाणी, उतरण्याच्या सूचनेच्या तशाच गैरसमजामुळे डोंगरावर आदळता आदळता वाचले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावधही केले होते; ही सूचना टीडब्ल्यूएपर्यंत मात्र पोहोचली नाही. म्हणून १९७६ मध्ये विमान कंपन्यांसाठी सामाईक नोंद व्यवस्था सुरू झाली आणि ती चालवायला परवाना देणाऱ्या खात्याऐवजी नासाला सांगितले गेले. ज्याच्या हाती शिक्षा आहे, त्याच्या हाती कबुली द्यायची नाही, हे तत्त्व तिथे पाळले गेले.

रुग्णालयांच्या बाबतीत २००५ साली दोन गोष्टी घडल्या. जुलैमध्ये रुग्ण सुरक्षा कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. या कायद्याने ‘रुग्ण सुरक्षा संघटना’ अशी नोंदणीकृत संस्था शक्य केली. रुग्णालये चुकांची आणि थोडक्यात टळलेल्या घटनांची माहिती तिच्याकडे देतात, आणि त्यासाठी तयार केलेला मजकूर खटल्यात पुरावा म्हणून मागण्यापासून संरक्षण मिळते. रुग्णाचा मूळ केसपेपर या संरक्षणात येत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण रुग्णाचा न्याय मागण्याचा हक्क त्यामुळे शाबूत राहतो.

दुसरी गोष्ट म्हणजे जुने ऐच्छिक जाळे, आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सुयांच्या इजांची नोंद ठेवणारे जाळे आणि डायलिसिस केंद्रांचे जाळे ही तिन्ही एकत्र करून सीडीसीने एनएचएसएन ही वेबवरची व्यवस्था उभी केली. पुढे ती सगळ्या रुग्णालयांना खुली झाली. त्याच सुमारास राज्या-राज्यांत वेगळे वारे वाहू लागले होते. इलिनॉय, पेनसिल्व्हेनिया, मिसूरी आणि फ्लोरिडा यांनी संसर्गाचे आकडे जाहीर करण्याचे कायदे आधीच केले होते. पाठोपाठ न्यूयॉर्कने केला. रुग्णांच्या आणि मृतांच्या नातेवाइकांनी त्यासाठी रेटा लावला होता. आम्ही ज्या रुग्णालयात आईला दाखल करणार आहोत, तिथला दर आम्हाला कळायला नको का, हा त्यांचा प्रश्न होता. त्याला प्रामाणिक उत्तर ‘कळायला हवा’ एवढेच आहे.

म्हणजे एकीकडे गोपनीयतेचे कलम आणि दुसरीकडे जाहीर करण्याचा कायदा. सीडीसी स्वतः राज्याला आकडे देऊ शकत नव्हती, कारण तसा शब्द तिने दिला होता. रुग्णालयांना एकच माहिती चार ठिकाणी वेगवेगळ्या नमुन्यात भरायला लावणेही शक्य नव्हते. या पेचातून बाहेर पडायला एनएचएसएनमधला ‘ग्रुप’, म्हणजे समूह, उपयोगी पडला.

त्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. राज्याचे आरोग्य खाते, एखाद्या रुग्णालय साखळीचे मुख्यालय किंवा गुणवत्ता सुधारणेचे काम करणारी संस्था व्यवस्थेत समूह तयार करते. समूहाला क्रमांक मिळतो आणि सामील होण्यासाठी पासवर्ड ठरतो. तो रुग्णालयाला कळवला की रुग्णालय आपणहून सामील होते. पण सामील झाल्याने आकडे दिसू लागत नाहीत. कोणत्या प्रकारचे संसर्ग, कोणते विभाग, कोणत्या महिन्यापासून, रुग्णाच्या ओळखीसह की ओळखीविना, याची यादी समूह पुढे ठेवतो आणि रुग्णालय ती मान्य करते. मगच तेवढ्यापुरती खिडकी उघडते. समूह फक्त पाहू शकतो आणि विश्लेषण करू शकतो. नोंद घालणे किंवा बदलणे त्याच्या हाती नाही. समूहाने मागणी वाढवली तर रुग्णालयाला सूचना जाते आणि पुन्हा संमती लागते. एकाच समूहातली दोन रुग्णालये एकमेकांचे आकडे पाहू शकत नाहीत. एक रुग्णालय मात्र अनेक समूहांत असू शकते आणि प्रत्येकाला वेगळी, कमी-जास्त परवानगी देऊ शकते. माहिती एकदाच भरायची, दाखवायची ती ठरवून, असा हा करार आहे. राज्याच्या कायद्याने सक्ती असेल तिथे संमती नावापुरतीच उरते, हे खरे. तरीही राज्याला काय दिसते आहे हे रुग्णालयाला नेमके माहीत असते, आणि माझ्या मते त्याला मोल आहे.

ऐच्छिक समूहाने किती साधता येते हे याच काळात मिशिगन राज्याने दाखवले. डॉक्टर पीटर प्रोनोवोस्ट आणि सहकाऱ्यांच्या प्रकल्पात शंभराहून अधिक अतिदक्षता विभाग उतरले. सेंट्रल लाईन घालताना पाळायच्या पाच गोष्टी ठरल्या, त्या पाळल्या नाहीत तर नर्सने डॉक्टरला थांबवायचे असे ठरले, आणि दर महिन्याचे आकडे प्रत्येक विभागाला परत मिळू लागले. २००६ च्या अखेरीस निष्कर्ष आले. हजार लाईन-दिवसांमागचा सरासरी दर ७.७ वरून दीड वर्षाच्या आत १.४ पर्यंत उतरला होता. श्रेय बहुतेकदा त्या पाच गोष्टींच्या यादीला दिले जाते. मला त्या यादीइतकेच महत्त्वाचे वाटते ते आकडे परत मिळणे.

जानेवारी २०११ पासून मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विमा योजनेने अतिदक्षता विभागातल्या लाईन-संसर्गांची नोंद आपल्या देयकांशी जोडली. त्यामुळे ही व्यवस्था जवळपास सार्वत्रिक झाली आणि तिच्यावर ताणही आला. आकड्यावर पैसे ठरू लागले की व्याख्येच्या प्रत्येक शब्दावर घासाघीस होते. व्हेंटिलेटरमुळे होणाऱ्या न्यूमोनियाची व्याख्या एक्स-रे पाहणाऱ्याच्या मतावर फार अवलंबून होती. प्रौढांसाठी २०१३ मध्ये तिच्या जागी यंत्रावरच्या मोजमापांवर आधारलेली व्याख्या आणली गेली. कोविडच्या काळात शुश्रूषागृहांच्या साप्ताहिक नोंदीही याच व्यवस्थेत आल्या. आज तिच्यात पस्तीस हजारांहून अधिक आरोग्य संस्था आहेत.

भारतात याची पहिली ओळख परदेशी जाळ्यातून झाली. अर्जेंटिनात सुरू झालेल्या आयएनआयसीसी या आंतरराष्ट्रीय गटात मुंबईसह सात भारतीय शहरांतली रुग्णालये सामील झाली आणि २००७ मध्ये त्यांच्या बारा अतिदक्षता विभागांचे आकडे प्रसिद्ध झाले. नंतर दिल्लीचे एम्स, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि सीडीसी यांनी मिळून देशांतर्गत जाळे विणले. व्याख्या एनएचएसएनवर बेतलेल्या, पण आपल्याकडच्या प्रयोगशाळांना आणि मनुष्यबळाला झेपतील अशा केलेल्या होत्या. २०१७-१८ या काळातल्या २६ रुग्णालयांच्या ८९ अतिदक्षता विभागांचा अहवाल २०२२ मध्ये आला.

आपल्याकडे अडते ते संरक्षणावर. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली असल्याचा निकाल दिला आणि रुग्णांना दाद मागण्याचा मार्ग मिळाला. अमेरिकेच्या २००५ च्या कायद्यासारखे, नोंदींपुरते कवच मात्र आपल्या कायद्यात नाही. एनएबीएच मानांकन घेतलेली रुग्णालये संसर्गाचे दर मोजतात, पण ते बहुधा त्यांच्याच फायलींत राहतात. केंद्र सरकारच्या २०१८ ते २०२५ च्या रुग्ण सुरक्षा आराखड्यात प्रतिकूल घटनांच्या नोंदीची व्यवस्था हे उद्दिष्ट होते. ती उभी करताना सॉफ्टवेअरआधी ठरवायला हवे ते हे: जिल्हा रुग्णालयातल्या नर्सने भरलेला आकडा कोण पाहील, कोण पाहणार नाही, आणि तिच्या विभागाला तो किती दिवसांत परत मिळेल.