जाहीरनाम्यातील सामाजिक न्याय (कोल्हापूर)

समाजातील विषमता कमी करण्यासाठी उमेदवार निवडून आल्यावर आधी काय करणार, हे सांगणारा जाहीरनाम्याचा भाग. कोल्हापुरात तो बहुधा राजर्षी शाहू महाराजांच्या छायाचित्राखाली छापला जातो. त्यामुळे तो तपासायची फूटपट्टीही शाहूंच्याच दप्तरात शोधणे रास्त ठरते.

२६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या (कोल्हापूर संस्थानाच्या) गॅझेटात हुकूम निघाला, तेव्हा महाराज इंग्लंडमध्ये होते. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांतून भरायच्या, हा त्यातला प्रसिद्ध भाग. पुढचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. ज्या कचेरीत हे प्रमाण ५० टक्क्यांहून कमी असेल, तिथली पुढची नेमणूक याच वर्गांतून करायची. मागासलेले म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सगळे. शिवाय प्रत्येक खातेप्रमुखाने केलेल्या नेमणुकांचा तक्ता दर तिमाहीला पाठवायचा. कोणाला, किती, केव्हापासून आणि हिशेब कोण देणार, या चारही गोष्टी काही ओळींत उरकल्या आहेत. ‘वंचितांच्या सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध’ या आजच्या लाडक्या ओळीत त्यांतली एकही सापडत नाही.

वचने फसतात ती बहुतेक वेळा पैशाच्या उगमाशी. ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातून, म्हणजे स्वतःच्या कर व शुल्कांच्या पैशातून, मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के खर्च करावा लागतो. स्वउत्पन्न १० लाख रुपये असेल तर हे आकडे अनुक्रमे दीड लाख, १ लाख आणि ५० हजार होतात. स्वउत्पन्नात मोठा वाटा घरपट्टीचा. म्हणून एकाच पत्रकात ‘घरपट्टी निम्मी’ आणि ‘दिव्यांग निधी दुप्पट’ असे छापणारा उमेदवार स्वतःचेच वचन खोडत असतो. वसुलीचा जोर मार्चमध्ये असल्याने पैसा हाती येतो तो वर्ष संपता संपता. मग घाईत खरेदी होते किंवा रक्कम शिल्लक पडते. मागासवर्गीयांच्या निधीतून सगळ्या गावाचे गटार बांधायचे आणि काम त्यांच्या वस्तीच्या नावावर दाखवायचे, हीही जुनी खोड. ती पकडायची तर अंदाजपत्रकातील (नमुना १) तरतूद आणि वर्षअखेरचा खर्च शेजारी ठेवून ग्रामसभेत विचारावे लागते.

पदाच्या अधिकाराबाहेरची आश्वासनेही खूप. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (मुंबईबाहेर बसणारे न्यायपीठ) कोल्हापुरात ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाले. ती मागणी अनेक दशके चालली, पण नगरसेवकाच्या हातात त्यातले काहीच नव्हते.

प्रत्येक गोष्टीला निधी लागतोच असे नाही. शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये मंगळसूत्र तोडणे, कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्यास सांगितले.

जाहीरनामा पाळलाच पाहिजे, असे बंधन कायद्यात नाही. त्यातील आश्वासने लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली ‘भ्रष्ट आचरण’ ठरत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०१३ रोजी म्हटले आणि निवडणूक आयोगाला मार्गदर्शक तत्त्वे आखण्यास सांगितले. त्यानुसार आदर्श आचारसंहितेत जाहीरनाम्याचा स्वतंत्र भाग आला. आश्वासनामागचे कारण आणि पैसा कुठून येणार हे ढोबळमानाने तरी सांगावे, अशी त्यात अपेक्षा आहे.