महागडा पुतळा आणला म्हणजे पोरं शिकली असं नसतं

मेडिकलची पोरं वॉर्डात शिकतात हे खरं, पण काय शिकतात ते त्या आठवड्यात कोण पेशंट ॲडमिट झालाय त्यावर ठरतं. पोस्टिंग संपून जाते आणि एखादी मर्मर (हृदयाच्या ठोक्यांमध्ये ऐकू येणारा जादा आवाज) कानावर पडलेलीच नसते, पडली तरी दहा जणांनी एकाच पेशंटच्या छातीला स्टेथोस्कोप लावायचा म्हणजे त्या बिचाऱ्याचे हालच. यावर १९६८ मध्ये मायामी विद्यापीठाच्या डॉ. मायकेल गॉर्डन यांनी हार्वी नावाचा पुतळा आणला, त्यात आजार बदलला की नाडी, छातीचे ठोके, हृदयाचे आवाज सगळं बदलतं, आणि शंभर वेळा ऐकलं तरी तो कुरकुरत नाही.

सीपीआरची, म्हणजे हृदय थांबलं की छाती दाबून जीव वाचवायचा त्याच्या सरावाची, बाहुली त्याहून जुनी, १९६० ची, बनवली नॉर्वेतल्या एका खेळणीवाल्याने, ऑस्मुंड लेर्डालने. आताच्या बाहुलीत सेन्सर असतात. छाती ५ ते ६ सेंटीमीटर दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दर वेळी पूर्ण वर येऊ द्यायची. वेग शेजारी उभ्या सरांना मोजता येतो, खोली मात्र नुसत्या डोळ्यांनी नीट कळत नाही. पोरगा घामाघूम होऊन दाबतोय, त्याला वाटतंय मस्त चाललंय, आणि स्क्रीनवर आकडा चारच्या वर जायला तयार नाही, शिवाय थकल्यामुळे अंगाचा भार छातीवरच राहतोय म्हणून ती वर येत नाहीये. हे त्याच क्षणी दिसलं की हात लगेच सुधारतो, खरी गंमत इथे आहे, बाहुलीचा चेहरा किती हुबेहूब आहे त्यात नाही.

व्हीआरचंही, म्हणजे कॉम्प्युटरने उभ्या केलेल्या आभासी जगातल्या सरावाचंही, तेच. २००२ मध्ये येल विद्यापीठातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, १६ रेसिडेंट (सर्जरी शिकणारे डॉक्टर), त्यातल्या निम्म्यांनी आधी व्हीआरवर सराव केला आणि मग सगळ्यांनी दुर्बिणीतून पित्ताशयाचं खरं ऑपरेशन केलं. सराववाले २९ टक्के लवकर मोकळे झाले, आणि बाकीच्यांच्या हातून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलताच भाग भाजण्याची शक्यता पाचपट निघाली. अभ्यास छोटा आहे, मान्य, पण त्यात तास मोजले नव्हते, तज्ज्ञ सर्जनच्या पातळीला हात पोचेपर्यंत सराव चालूच ठेवायचा असा नियम होता. मला तरी व्हीआरच्या यंत्रापेक्षा हा नियमच जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण बऱ्याच ठिकाणी पोरं लॅबमध्ये एक चक्कर मारतात, सही करतात आणि झालं ट्रेनिंग!

आणि घाबरलेल्या नातेवाइकांशी कसं बोलायचं हे पुतळा शिकवत नाही, त्यासाठी पेशंटची भूमिका करणारी माणसंच लागतात, ती पद्धत हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्येच सुरू केली होती.

अजून एक भानगड म्हणजे सीपीआरचा हात काही महिन्यांतच ढिला पडायला लागतो, सर्टिफिकेट मात्र दोन वर्षं चालतं, म्हणून काही हॉस्पिटलांत आता बाहुली थेट वॉर्डातच ठेवतात आणि ड्युटीतून पाच-दहा मिनिटं काढून दर तीन महिन्यांनी हात तपासून घेतात.