पात्याचा कोन आणि कॉर्कचे धुके

१० फेब्रुवारी २०११ रोजी सकाळी बेलफास्टहून आयर्लंडमधील कॉर्कला निघालेल्या मेट्रो-३ या छोट्या टर्बोप्रॉप विमानात १० प्रवासी आणि २ वैमानिक होते. कॉर्कवर दाट धुके होते. २०० फुटांवर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत, तर उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा वर जायचे, असा नियम आहे. हे विमान पहिल्या दोन्ही प्रयत्नांत त्याहून खाली आले आणि मगच वर गेले. तिसऱ्या प्रयत्नात ते उलटले आणि ६ जणांचा मृत्यू झाला.

नेमके काय बिघडले, हे समजायला प्रोपेलरचे काम आधी पाहावे लागते. या विमानाचे प्रोपेलर उड्डाणात जवळजवळ एकाच वेगाने फिरत असतात. ओढ कमी-जास्त होते ती पात्यांचा कोन बदलल्यामुळे. शक्ती कमी करत नेली की पाती चपटी होत जातात. त्यालाही एक मर्यादा आहे. तिच्याखाली पाती इतकी चपटी होतात की फिरणारा प्रोपेलर एखाद्या थाळीसारखा वाऱ्याला आडवा येतो आणि मागच्या पंखावरून जाणारा हवेचा प्रवाहही विस्कटतो. चाके टेकल्यावर वेग मोडायला हा अडथळा फार उपयोगी पडतो, पण हवेत तो घातक असतो. म्हणूनच इंजिनांची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या दांड्या या मर्यादेपलीकडे हवेत कधीही न्यायच्या नसतात.

त्या दिवशी विमान सहवैमानिकाच्या हाती होते; तिसऱ्या प्रयत्नात दांड्या मात्र कॅप्टनने सांभाळल्या. म्हणजे एकाच विमानाचा तोल दोघांच्या हातांत विभागला गेला, आणि माझ्या मते अपघाताचे मर्म इथेच आहे. १०० फुटांखाली पुन्हा वर जायचे ठरले, पण त्याच सुमारास दांड्या मर्यादेखाली ओढल्या गेल्या होत्या. त्यातच उजव्या इंजिनाच्या एका सदोष संवेदकामुळे त्याला थोडे जास्त इंधन मिळत होते. एरवी या फरकाने, म्हणजे सुमारे ५ टक्के जास्त टॉर्कने (प्रोपेलर फिरवणाऱ्या जोराने), फारसे बिघडले नसते. आता मात्र डावा प्रोपेलर उजव्यापेक्षा अधिक अडवू लागला आणि विमान डावीकडे सुमारे ४० अंश कलले. शक्ती वाढवताच ते झपाट्याने उजवीकडे, उभ्या रेषेच्याही पलीकडे वळले. उजव्या पंखाचे टोक धावपट्टीला घासले आणि उलटे झालेले विमान मऊ मातीत जाऊन थांबले. दोन्ही इंजिनांना लागलेली आग विमानतळाच्या अग्निशमन दलाने लगेच विझवली.

आयर्लंडच्या अपघात चौकशी विभागाने वैमानिकांचा थकवा आणि कॅप्टनचे अपुरे प्रशिक्षण यांकडेही बोट दाखवले. कॅप्टनला ते पद मिळून जेमतेम काही दिवस झाले होते, आणि फारसा अनुभव नसलेला सहवैमानिक त्याच्या जोडीला दिला गेला होता. त्याच सकाळी जवळच्या केरी विमानतळावर दृश्यता चांगली होती, आणि वैमानिकांनी तिथल्या हवामानाची चौकशीही केली होती.