समुद्रतळाच्या गाळाला जागा कोण करून देतं?

नागपूरहून कुठल्याही दिशेनं निघा, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरीही समुद्रातले प्रस्तरभंग, म्हणजे ज्या भेगांवर खडक तुटून सरकतात त्या भेगा, समजून घ्यायची सोय आपल्या शेजारीच आहे. कामठी-उमरेड पट्ट्यातल्या कोळसा खाणीत काम केलेल्या माणसाला विचारा. थर सरळ चाललेला असतो आणि अचानक समोर वालुकाश्म उभा राहतो; कोळसा पलीकडे कुठेतरी खाली किंवा वर सरकलेला सापडतो. खाणीत याला ‘फॉल्ट’च म्हणतात. पण फॉल्ट थर नुसते तोडत नाहीत. कोट्यवधी वर्षांपूर्वी, गोंडवन काळात, जमीन अशाच भेगांवर खचत गेली, म्हणून गाळाला जागा मिळाली, दलदलीतल्या वनस्पती त्याखाली गाडल्या गेल्या आणि त्यांचा कोळसा झाला.

जिथं एक भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचा सरकणारा प्रचंड तुकडा) दुसऱ्याखाली शिरतो, तिथं हाच खेळ समुद्राखाली आणि फार मोठ्या ताकदीनं चालतो. जपानच्या दक्षिणेला, समुद्रतळावरच्या नानकाई या लांब खोल खंदकाजवळ फिलिपाईन सागराचा भूपट्ट वर्षाला ४ ते ६ सेंटीमीटर वेगानं आत सरकतो. सरकताना त्याच्या पाठीवरचा गाळ खरवडला जाऊन खंदकाच्या कडेला पाचरीसारखा रचला जातो. या पाचरीतून, दोन भूपट्टांच्या सीमेपासून फुटून एक मोठा फॉल्ट वर समुद्रतळापर्यंत येतो. त्याच्यावर खडक वर चढतात आणि आडवा बांध तयार होतो. जपानच्या किनाऱ्यावरून वाहून आलेला गाळ या बांधामागे अडतो. समुद्रतळावरचा कुमानो खोरं नावाचा खोलगट भाग असा भरला. त्यातला गाळ काही ठिकाणी सुमारे २ किलोमीटर जाड आहे.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती या थरांची ठेवण. खोऱ्याच्या समुद्राकडच्या बाजूला जुने थर किनाऱ्याकडे कललेले आहेत, वरचे नवे थर मात्र जवळजवळ सपाट. गाळ बसतो तेव्हा आडवाच बसतो. म्हणजे जुने थर बसून झाल्यावर बांध उचलला गेला आणि त्यानं ते कलवले. थरातल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांवरून वय काढलं की फॉल्ट केव्हा जोरात होता आणि केव्हा मंदावला, हे कळतं. याच कामासाठी ‘चिक्यू’ हे जपानी जहाज २००७पासून तिथं छिद्रं घेऊ लागलं. १९४४चा भूकंप याच पट्ट्यातला, त्यामुळे हा प्रश्न जपानसाठी जिवाचा आहे.

आपल्याकडे हे अंदमानात दिसतं. भारतीय भूपट्ट तिथं तिरका शिरतो, म्हणून त्याची हालचाल दोन वाटांनी फुटते: काही खाली जाण्यात, काही आडव्या सरकणाऱ्या फॉल्टवर. आडवे फॉल्ट सरळ रेषेत नसले की काही ठिकाणी मधली जमीन ताणली जाते. अंदमानच्या समुद्राचा मधला तळ असाच गेली सुमारे ४० लाख वर्षं उघडतो आहे. बेटं म्हणजे वर आलेली पाचर. बेटं आणि पूर्वेकडचा बॅरन ज्वालामुखी यांच्या दरम्यान गाळाची खोरी.

२००६मध्ये भारताच्या गॅस हायड्रेट मोहिमेला अंदमानजवळ समुद्रतळाखाली सुमारे ६०० मीटरपर्यंत, ज्वालामुखीच्या राखेच्या थरांत मिथेन बर्फासारख्या रूपात सापडला. वायू शोधणाऱ्यांना फॉल्टचा इतिहास यासाठीच हवा असतो. थर कलवून वायू अडवणारा फॉल्ट पुन्हा हलला, तर त्याच भेगेतून वायू निसटूनही जातो.