चुना आणि मळी : घरातल्या प्रवाळ-टाकीची पार्श्वभूमी

घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत प्रवाळ वाढवणारा माणूस आज मुख्यतः दोन गोष्टींच्या भरवशावर असतो. एक म्हणजे पाण्यात सतत पुरवावा लागणारा चुना, आणि दुसरी म्हणजे समुद्रातून आलेल्या सच्छिद्र खडकाच्या भेगांत राहणारे जिवाणू व इतर बारीकसारीक जीव. या छंदाचा इतिहास पाहू लागले की एक गंमत लक्षात येते : या दोन्ही गोष्टी सुरुवातीच्या मंडळींनी अनावश्यक किंवा घाणेरड्या म्हणून टाकीबाहेर काढल्या होत्या, आणि त्या परत आत यायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

आरंभ होतो तो एका गृहिणीपासून. लंडनमध्ये राहणाऱ्या ॲना थिन या बाईंना १८४६ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की येथे खडकाला चिकटलेली काही प्रवाळे सापडली. वाटेत ती आपटून फुटू नयेत म्हणून त्यांनी ती सुई-दोऱ्याने एका मोठ्या स्पंजला टाचली आणि समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बरणीतून लंडनला आणली. लंडन म्हणजे समुद्रापासून लांब. ताजे पाणी मागवायचे तर ते रोज मिळणार नव्हते. तेव्हा आहे तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, उघड्या खिडकीपाशी, अर्धा-पाऊण तास ओतत राहायचे आणि त्यात हवा मिसळवायची, असा उपाय त्यांनी काढला. हे ओतण्याचे काम प्रत्यक्षात घरातली मोलकरीण करीत असे. तिचे नाव कुणी नोंदवलेले नाही, परंतु आजच्या हवेच्या पंपाची पूर्वज तीच. पुढच्या वर्षी थिनबाईंनी पाण्यात समुद्री शेवाळाचे तुकडेही सोडले आणि ती प्रवाळे सुमारे तीन वर्षे जगवली. येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ही थंड पाण्यातली एकेकटी वाढणारी प्रवाळे होती, उष्ण समुद्रातले प्रवाळबेट उभारणारी नव्हेत. त्यांना प्रकाशाची फारशी गरज नसते. प्रवाळबेटे बांधणाऱ्या जातींच्या पेशींत सूक्ष्म शैवाले राहतात आणि प्रवाळाचे बरेचसे अन्न तीच सूर्यप्रकाशात तयार करतात. त्यामुळे अशा जाती जगवण्याचे गणित पुढे कितीतरी अवघड निघाले.

१८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने वनस्पती आणि मासे एकमेकांना तोलून धरतात हे गोड्या पाण्याच्या टाकीत दाखवून दिले. काचेवरचा कर ब्रिटनमध्ये १८४५ सालीच उठला होता, त्यामुळे काचही स्वस्त झाली होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाच्या पुस्तकाने ‘ॲक्वेरियम’ हा शब्द घरोघर पोहोचवला. समुद्रकिनारी न जाता समुद्राचे पाणी बनवण्याची कृतीही गॉस यांनी दिली. समुद्राच्या पाण्याच्या रासायनिक पृथक्करणाची यादी समोर ठेवून त्यांनी एकेक पदार्थ गाळत नेला आणि शेवटी चार क्षार उरवले : साधे मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. चुन्याचे क्षार एक तर नगण्य किंवा विरघळायला कठीण, म्हणून ते वगळले. त्यांच्या समुद्रपुष्पांना (सी ॲनिमोनींना) आणि शेवाळांना ते पाणी मानवलेही. दगडी सांगाडा बांधणाऱ्या प्रवाळाला मात्र या पाण्यात बांधकामाचे साहित्यच उरले नव्हते.

त्यानंतरच्या शंभर वर्षांत सार्वजनिक मत्स्यालये वाढली, घरगुती खाऱ्या टाक्या मात्र फार पुढे सरकल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यावर युरोप-अमेरिकेतल्या छांदिष्टाच्या टाकीत रंगीत मासे असत आणि सजावटीला प्रवाळांचे ब्लीच केलेले पांढरेशुभ्र सांगाडे. त्यांच्यावर हिरवट थर चढला की ते काढायचे, पुन्हा ब्लीचमध्ये बुडवायचे, धुवायचे, ठेवायचे. माशांना परजीवी लागले की पाण्यात मोरचूद. तांब्याने परजीवी मरतात हे खरे, पण त्याच तांब्याने प्रवाळ, शंख-शिंपले आणि कोळंबीही मरते. निर्जंतुक टाकी म्हणजे चांगली टाकी, अशी ही समजूत होती.

ती मोडली जकार्तात. तेथील ली चिन एंग यांनी १९६१ साली एका अमेरिकन मासिकात लेख लिहून आपली पद्धत मांडली. तिच्यात गाळणयंत्र नव्हते. समुद्रातून आणलेला खडक त्यावरच्या शेवाळ-स्पंज-किड्यांसकट तसाच टाकीत ठेवायचा, हवेचे बुडबुडे हळू सोडायचे आणि टाकीला ऊन मिळू द्यायचे, एवढेच. आज आपण ज्याला ‘लाइव्ह रॉक’ म्हणतो तो हाच. त्याचे काम असे चालते : माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, खडकाच्या पृष्ठभागावरचे जिवाणू त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि खडकाच्या आत, जेथे प्राणवायू पोहोचत नाही तेथे, दुसरे जिवाणू नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. एंग यांच्या दाराशी समुद्र होता आणि डोक्यावर विषुववृत्ताजवळचे ऊन. तीच पद्धत थंड देशांत उचलणाऱ्यांना ती साधेना, कारण खडक प्रवासात अर्धामेला होऊन पोहोचे आणि दिव्यांचा उजेड अपुरा पडे.

ही उणीव भरून निघाली ती जर्मन भाषक युरोपात. १९७०च्या दशकात पेटर विल्केन्स यांनी टाकीतून बाष्प होऊन गेलेल्या पाण्याच्या जागी ‘काल्कवासर’ घालण्याचा प्रघात पाडला. नाव परके आहे, वस्तू आपल्या ओळखीची आहे : चुन्याची निवळी. शुद्ध चुना पाण्यात ढवळून ठेवला की सगळा विरघळत नाही. लिटरला दीड-दोन ग्रॅम विरघळतो आणि बाकीचा तळाशी बसतो. वरचे नितळ पाणी तेवढे घ्यायचे. ते इतके दाहक असते की एकदम ओतले तर टाकीच्या पाण्याचा सामू (पीएच) उसळतो, म्हणून ते थेंबथेंब सोडतात, आणि तेही शक्यतो रात्री. कारण दिवे मालवले की शैवालांचे काम थांबते, पाण्यात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि सामू खाली येतो. निवळीचा चुना तो कार्बन डायऑक्साइड बांधून घेतो आणि त्यातूनच प्रवाळाच्या सांगाड्याचे साहित्य पाण्यात उपलब्ध होते. गॉस यांनी यादीतून खोडलेला चुना असा, बाटलीच्या नळीतून थेंबाथेंबाने, परत आला.

बर्लिनच्या छांदिष्टांनी याला आणखी दोन गोष्टींची जोड दिली, तीव्र प्रकाश आणि स्किमर. स्किमरचे तत्त्व गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. काहिलीतल्या उकळत्या रसावर मळी येते आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. तसेच स्किमरच्या नळकांड्यात बारीक बुडबुड्यांना पाण्यातले सेंद्रिय पदार्थ चिकटतात, फेस वर चढतो आणि वरच्या कपात काळ्या चहासारखे दुर्गंधी पाणी जमते. कुजण्याआधीच मळी बाहेर गेली की खडकातल्या जिवाणूंवरचा भार हलका होतो. ‘बर्लिन पद्धत’ या नावाने हीच रचना पुढे जगभर गेली. अमेरिकेत १९८६ साली जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने घरगुती रीफ टँकची, म्हणजे प्रवाळ-टाकीची, लाट आणली. त्यांच्या पद्धतीत प्लास्टिकच्या तुकड्यांवरून पाणी ठिबकवले जाई. त्याने अमोनिया संपे, पण नायट्रेट साचत राही, आणि काही वर्षांत अनेकांनी ते तुकडे काढून खडकावरच भिस्त ठेवली.

या साऱ्यात माल समुद्रातूनच येत होता, ही बाजू झाकण्यासारखी नाही. दगडी प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ या वन्य जीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली आणला गेला, म्हणजे परवान्याखेरीज तो करता येत नाही. दुसरीकडे, टाकीत प्रवाळ खरोखर वाढू लागल्यावर त्याच्या फांदीचा तुकडा कापून, दगडाला चिकटवून तो दुसऱ्याला देता येऊ लागला. जास्वंदीची फांदी शेजारी द्यावी तसे हे आहे, आणि माझ्या मते या छंदाला मिळालेले सर्वांत मोठे नैतिक बळ तेच आहे.

मुंबईकरांना समुद्री मासे काचेआड पाहायला मिळाले ते प्रामुख्याने १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयामुळे. घरगुती प्रवाळ-टाकी येथे फार उशिरा आली आणि तिच्या अडचणीही उलट्या निघाल्या : बर्लिनला पाणी तापवावे लागते, येथे मे महिन्यात चिलर लावून ते २६ अंशांच्या आसपास आणावे लागते, आणि विजेच्या बिलाचा मोठा वाटा तोच खातो. शिवाय वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सर्व दगडी प्रवाळांचा समावेश झाला, त्यामुळे मालवणच्या किंवा गोव्याच्या समुद्रातला तुकडा उचलून घरी आणणे हा गुन्हा आहे. हे संरक्षण किती काटेकोर आहे ते २०२० मध्ये दिसले. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अली येथे प्रवाळांच्या १८ लहान वसाहती आड आल्या, तेव्हा वन विभागाची परवानगी घेऊन आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली त्या खडकासकट उचलून समुद्रातच दुसरीकडे बसवाव्या लागल्या.