एक्सएमएल लायब्ररीच्या रॅपरमधील मेमरी गळती

सी भाषेत लिहिलेली एक्सएमएल (खुणांमध्ये बांधलेल्या मजकुराचे स्वरूप) वाचणारी लायब्ररी पायथन, रूबी यांसारख्या भाषांतून वापरता यावी म्हणून तिच्याभोवती जो मधला थर लिहिला जातो त्याला रॅपर म्हणतात. या थरातून घेतलेली मेमरी काम संपल्यावरही मोकळी न होणे म्हणजे रॅपरमधील मेमरी गळती होय. या नोंदीत लिबएक्सएमएल२ या लायब्ररीच्या आधारे तिची कारणे आणि शोध घेण्याच्या रीती दिल्या आहेत. डॅनियल व्हेयार यांनी ग्नोम प्रकल्पासाठी लिहिलेल्या या लायब्ररीचे पायथनमधील एलएक्सएमएल आणि रूबीमधील नोकोगिरी हे विशेष परिचित रॅपर आहेत.

गळतीचे मूळ दोन वेगवेगळ्या हिशेबांत आहे. पायथन किंवा रूबीमध्ये एखादी वस्तू कोणालाच नको झाली की गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी गोळा करणारी यंत्रणा) किंवा संदर्भगणना (वस्तू किती ठिकाणी वापरात आहे याची मोजणी) ती आपोआप उचलते. सी मध्ये मात्र प्रत्येक तुकडा कोणी घेतला आणि तो कोणी परत करायचा हे केवळ फंक्शनच्या माहितीपत्रात लिहिलेले असते. कंपायलर ते तपासत नाही. त्यामुळे मेमरीच्या प्रत्येक तुकड्याचा मालक कोण, हे ठरवणे हे रॅपर लिहिणाऱ्याचे पहिले काम ठरते. ते संदिग्ध राहिले तर तुकडा एक तर कोणीच मोकळा करत नाही, नाही तर दोघेही करतात. दुसऱ्या चुकीने प्रोग्रॅम तिथल्या तिथे कोसळू शकतो, म्हणून तिच्या धास्तीने बरेच लेखक मोकळे करणेच टाळतात आणि गळती पत्करतात.

सर्वांत साधे उदाहरण गुणधर्म, म्हणजे एक्सएमएल घटकाला जोडलेले नाव-मूल्य, वाचण्याचे आहे. एक्सएमएलगेटप्रॉप हे फंक्शन गुणधर्माच्या मूल्याची नवी प्रत करून देते आणि ती एक्सएमएलफ्रीने मोकळी करणे हे मागणाऱ्याचे काम असते. मूल्य ‘पुणे’ असेल तर त्यात चार कोडबिंदू (युनिकोडमधील अक्षरचिन्हांचे क्रमांक) येतात. लिबएक्सएमएल२ अंतर्गत यूटीएफ-८ वापरत असल्याने देवनागरीच्या प्रत्येक कोडबिंदूला ३ बाइट लागतात, म्हणजे शेवटच्या शून्यासह १३ बाइट. ६४-बिट लिनक्सवरील ग्लिबसी (मेमरी वाटणारी मूळ सी लायब्ररी) एवढ्यासाठीही किमान ३२ बाइटांचा तुकडा देते. रॅपरने या प्रतीपासून पायथनची स्ट्रिंग तयार केली आणि मूळ प्रत मोकळी करायला विसरला, तर दहा लाख नोंदी वाचताना ३ कोटी २० लाख बाइट हरवतात. एका नोंदीच्या चाचणीत हे कधीच लक्षात येत नाही.

इतर जागाही ठरलेल्या आहेत. एक्सपाथ (एक्सएमएलमधील भाग शोधण्याची भाषा) च्या उत्तरात मिळणारी वस्तू मागणाऱ्याने मोकळी करायची असते, पण तिच्यातील नोड (दस्तऐवजाच्या झाडासारख्या रचनेतील एकेक भाग) दस्तऐवजाच्या मालकीचे असल्याने त्यांना हात लावायचा नसतो. पार्सर संदर्भ (एक्सएमएल वाचताना लागणारी माहिती ठेवणारी रचना) मोकळा केला तरी त्याच्या ‘मायडॉक’ या क्षेत्रात राहिलेले झाड मोकळे होत नाही. चुकीच्या एक्सएमएलवर पार्सिंग अर्धवट थांबले की हे झाड मोकळे करणे हमखास राहून जाते. त्रुटीच्या वाटांची चाचणी फार थोडे लोक करतात, म्हणून शोधाची सुरुवात तिथून करणे श्रेयस्कर.

झाडापासून तोडलेले नोड हा याहून अवघड भाग आहे. एक्सएमएलअनलिंकनोड नोडला झाडापासून वेगळे करते, मोकळे करत नाही. त्यानंतर दस्तऐवज नष्ट झाला तरी तो नोड तसाच राहतो. नोकोगिरी असे नोड दस्तऐवजाजवळच्या एका यादीत टिपून ठेवते आणि दस्तऐवज जाताना त्यांनाही मोकळे करते. हा उपाय सुरक्षित आहे, पण एकाच दीर्घजीवी दस्तऐवजात सतत नोड जोडत आणि तोडत राहिल्यास मेमरी वाढतच जाते. उलट दिशेचा सापळाही इथेच आहे: एक्सएमएलअॅडचाइल्डने मजकुराचा नोड दुसऱ्या मजकुरानंतर जोडला तर दोन्ही एकत्र होतात आणि नवा नोड लायब्ररी स्वतःच मोकळा करते, त्यामुळे रॅपरकडचा जुना पॉइंटर (मेमरीतील पत्ता) निरर्थक होतो.

मेमरी वाढते म्हणजे गळतेच असे नव्हे, हा भेद शोधणाऱ्याने प्रथम करावा. एलएक्सएमएलमध्ये प्रत्येक घटकाची वस्तू आपल्या दस्तऐवजाला धरून ठेवते, त्यामुळे एक लहानसा घटक एखाद्या यादीत राहिला तरी संपूर्ण झाड जिवंत राहते. एक्सपाथने दिलेली स्ट्रिंगही मूळ घटकाचा पत्ता जवळ बाळगते. ‘स्मार्ट_स्ट्रिंग्ज’ हा पर्याय बंद केल्यावर ते थांबते. मराठी विकिपीडियाची एक्सएमएल प्रत आयटरपार्सने (दस्तऐवज टप्प्याटप्प्याने वाचणाऱ्या फंक्शनने) वाचताना प्रत्येक ‘पेज’ घटक क्लिअरने रिकामा केला, तरी रिकामे घटक मुळाला लटकलेलेच राहतात. आधीची भावंडेही काढून टाकावी लागतात.

शोधासाठी आधी तेच काम हजारो वेळा फिरवून प्रक्रियेची मेमरी मोजावी. आकडा सुरुवातीला वाढून स्थिरावला तर ती बहुधा कॅश किंवा ग्लिबसीने स्वतःजवळ राखलेली मोकळी जागा असते. फेऱ्यांच्या प्रमाणात वाढतच राहिला तर दोष खरा. पायथनचे ट्रेसमॅलॉक हे मेमरी मोजणारे साधन केवळ पायथनच्या वाटपयंत्रणेतून गेलेली मेमरी पाहते, म्हणून त्याचा आलेख सपाट आणि प्रक्रियेची मेमरी चढती असेल तर संशय सी च्या बाजूवर जातो.

पुढची पायरी व्हॅलग्राइंड या मेमरीचे दोष शोधणाऱ्या साधनाची. पायथनची स्वतःची लहान वस्तूंची वाटपयंत्रणा अहवालात गोंधळ घालते, म्हणून ‘पायथनमॅलॉक’ हे पर्यावरण चल (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेली सेटिंग) ‘मॅलॉक’वर ठेवून प्रोग्रॅम चालवावा. अहवालातील वर्गवारी बारकाईने वाचण्याजोगी असते. निश्चित हरवलेला भाग (ज्याचा पत्ता कुठेच उरलेला नाही) अगदी थोडा आणि त्याच्यामागे अप्रत्यक्ष हरवलेला भाग (ज्याचा पत्ता फक्त हरवलेल्या भागातच आहे) प्रचंड असेल, तर दस्तऐवजासकट सबंध झाड हरवले आहे असे समजावे. निश्चित हरवलेले असंख्य छोटे तुकडे असतील आणि अप्रत्यक्ष काहीच नसेल, तर स्ट्रिंगांच्या प्रती तपासाव्यात. ‘अजून पोहोचता येण्याजोगी’ मेमरी बहुधा लायब्ररीच्या जागतिक तक्त्यांची असते. ती आकड्यातून घालवण्यासाठी रॅपरमधून एक्सएमएलक्लीनअपपार्सर बोलावणे धोक्याचे आहे, कारण त्याच प्रक्रियेत दुसरा एखादा घटक तीच लायब्ररी वापरत असू शकतो.

एक्सएमएलमेमसेटअप या फंक्शनने वाटपाची मूळ फंक्शने बदलून त्यांच्या जागी मोजणी करणारी स्वतःची फंक्शने बसवता येतात. मात्र ती बसवणे लायब्ररीच्या इतर कोणत्याही वापराआधी व्हायला हवे. लिबएक्सएमएल२ सोबत येणारी मूळ पायथन जोडणी याहून साधी शिस्त पाळते. तिच्यात दस्तऐवज वापरणाऱ्यानेच फ्रीडॉकने मोकळा करावा लागतो, आणि तिच्या चाचण्यांच्या अखेरीस डिबगमेमरी बोलावून शिल्लक बाइट पाहिले जातात: शिल्लक शून्य असेल तर ‘ओके’, नाही तर किती बाइट गळले तो आकडा छापला जातो.